तीनदा बघणारा माणूस

माझ्या मामाला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. फोरमनपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला 'तीनदा' म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, आडनावच असेल. आडनाव नाही, सवय आहे. गॅसचं बटण तीनदा, दाराचं कुलूप तीनदा, नळ तीनदा, आणि जिना उतरताना खिशातली किल्ली तीनदा. मामी म्हणते, "लग्नाला हो म्हणायच्या आधी हे आमच्या घरी तीनदा येऊन गेले. चौथ्यांदा आले असते तर मीच नाही म्हटलं असतं." आजी सांगायची की हा पाळण्यात होता तेव्हासुद्धा आई जागेवर आहे ना, हे बघायला तीनदा उठायचा. आजीला तिखटमीठ लावून सांगायची सवय होती, पण हे मला खरं वाटतं.

मी सहा वर्षांची असताना आई गेली आणि मी मामाकडे राहायला आले. शाळेत सोडायला तोच यायचा. मला फाटकाशी सोडून कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा, मी वर्गात बसले ना हे खिडकीतून बघायचा, पुन्हा जायचा. तिसऱ्यांदा त्याचं डोकं खिडकीत दिसलं की सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण एखाद्या दिवशी तिसऱ्यांदा तो दिसायला उशीर झाला, तर माझं फळ्यावर लक्ष लागायचं नाही, हेही खरं आहे.

मामा क्रेन चालवायचा. जाड पोलादी प्लेटा कापण्याचा कारखाना होता. शेडच्या छपराखाली दोन रुळांवर पुढेमागे धावणारी क्रेन, तिला खाली लटकवलेली काचेची केबिन, आणि तिथं चढायला बावन्न पायऱ्यांची उभी शिडी. खाली एक खलाशी प्लेटांच्या थप्पीला साखळ्या अडकवतो, हात वर करून इशारा देतो, आणि वर बसलेला माणूस थप्पी उचलतो. मामाची पद्धत अशी की थप्पी वीतभर उचलायची, थांबायचं, साखळी सरकते का ते बघायचं आणि पुन्हा जमिनीला टेकवायची. परत वीतभर, परत खाली. तिसऱ्यांदा उचलली की मगच पुढे न्यायची. बाकीचे ऑपरेटर एकदा उचलून बघायचे, घाईत असले तर तेही नाही. फोरमन खालून ओरडायचा, "अरे, माल उचलतोयस का पाळणा हलवतोयस?" मामा वरून हात हलवायचा, म्हणजे झालं साहेब, झालं. सत्तावीस वर्षांत त्याच्या हुकावरून एक प्लेट खाली पडली नाही.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण या सगळ्यात पाप माझं आहे. मी अकरा वर्षं एका छोट्या कार्यालयात कामाला होते. खाली चष्म्यांचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या. तिथं माणसांचे स्वभाव मोजायचे. आमच्या बाई मानसशास्त्र शिकलेल्या. कंपन्या आपली माणसं तपासायला त्यांच्याकडे द्यायच्या. चाचणीत एकशे ऐंशी वाक्यं असायची आणि प्रत्येकापुढे दोन गोल, 'हो' आणि 'नाही'. पेन्सिलीनं एक गोल काळा करायचा. मग ती उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर यायची. मी तिच्यावर भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायची. भोकांतून जितके काळे गोल दिसतील तितके गुण. प्रत्येक पट्टीचा पुठ्ठा वेगळा. काळजीची पट्टी, रागाची पट्टी, चारचौघांत मिसळण्याची पट्टी, आणि एक खोट्याची पट्टी.

ही शेवटची मला फार आवडायची. 'मी कुणाच्याही पाठीमागे कधी वाईट बोललो नाही', 'मला आजवर एकदाही राग आलेला नाही' अशी वाक्यं चाचणीत मधेमधे पेरलेली असत. त्यांना मनापासून 'हो' म्हणेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी तीनचार वेळा 'हो' सगळेच करतात. आठाच्या वर गेले की समजायचं, गडी स्वतःला रंगरंगोटी करून आलाय, याचं बाकीचंही काही खरं धरायचं नाही.

चहाच्या वेळी बाई रंगात आल्या की शिकवायला लागायच्या. पूर्वी म्हणे लोकांना वाटायचं की अंगात कुठला रस जास्त त्यावर स्वभाव ठरतो. मग कुणी सांगितलं, सगळं बालपणात पुरलेलं असतं, तेच मोठेपणी उकरून वर येतं. मग दुसरे म्हणाले, तसं काही नाही, थोडे ठरावीक गुण असतात, कुणात कमी कुणात जास्त, ते फूटपट्टीनं मोजावेत. आणि आता काही जण म्हणतात की स्वभाव अशी वस्तूच नाही, माणूस वेळ येईल तसा वागतो. मी एकदा विचारलं, "मग बाई, आपण मोजतो काय?" बाई हसल्या. म्हणाल्या, "कंपनी मोजायला सांगते ते." त्या दिवशी मीही हसले होते.

मग एक दिवस बाईंच्या टेबलावर मामाच्या कारखान्याचं पत्र आलं. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात क्रेनवरचा माणूस ऐन वेळी घाबरला आणि त्याचा हात चुकला, असं वरिष्ठांच्या कानावर गेलं होतं. तेव्हा आता उंचावर काम करणाऱ्या सगळ्यांची चाचणी घ्यायची. काळजीच्या पट्टीवर दहापर्यंत गुण असले तर माणूस शांत, त्याला काही विचारायचं नाही. अकरा ते पंधरा असले तर बाईंनी त्याला समोर बसवून बोलायचं. पंधराच्या वर गेला की त्याला खाली उतरवायचं, मग तो भांडारात बसेल नाहीतर फाटकावर. 

आमच्याकडे नियम होता, ओळखीच्या माणसाची पत्रिका तपासायची नाही, बाईंना आधी सांगायचं. मी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत गप्प राहिले.

घरी मामाची झोप उडाली होती. जेवता जेवता मधेच थांबायचा. "क्रेन काढून घेतली तर मी करू काय? मला दुसरं येतं काय?" मामी म्हणाली, "अहो, परीक्षा काय, हो नाहीतर नाही लिहायचंय. इतक्या वर्षांत घरात तरी एवढं कुणी विचारलंय का तुम्हाला?" मामा हसला नाही.

मी त्याला गॅलरीत गाठलं. म्हटलं, "मामा, ऐक. काळजी वाटते का, झोप लागते का, शंका येतात का, असं काही आलं की डोळे मिटून 'नाही' कर. तेवढं केलंस तरी पुरे."

"आणि शंका येत असली तर?"

"तरी नाही."

तो कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडत उभा राहिला. मग म्हणाला, "तू मला काही सांगू नकोस. त्यांना माझा स्वभाव बघायचाय ना? मग तुझी उत्तरं बघून त्यांना काय कळणार?"

"तुझी क्रेन जाईल, हे कळतंय का तुला?"

"कळतंय म्हणून तर झोप नाही," मामा म्हणाला आणि गॅस बघायला आत गेला.

चाचणी कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. चाळीस माणसं होती. बाकीचे पाऊण तासात उठले. मामाला अडीच तास लागले. प्रत्येक वाक्य त्यानं तीनदा वाचलं असणार, हे सांगायला मला कुठल्या पट्टीची गरज नव्हती.

पत्रिकांवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. मामाचा क्रमांक तेवीस. त्यानं घरी येऊन स्वतःच सांगितला होता, बरोबर लिहिला ना याची खात्री करायला. तेवीस नंबरचा कागद माझ्या हातात आला तेव्हा क्रमांक बघायचीही गरज पडली नाही. गोल इतके गच्च काळे केलेले की कागद मागून उमटला होता. आणि समासात बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं. 'लोक मला हसतात असं मला वाटतं' या वाक्याला 'हो' केलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'हसतात, पण मनानं चांगले आहेत.' 'घराबाहेर पडल्यावर दार नीट लावलं का, अशी शंका मला येते.' हो. शेजारी, 'तीनदा'.

मी आधी खोट्याचा पुठ्ठा ठेवला. भोकांतून एकही काळा गोल दिसला नाही. पुठ्ठा उलटा तर नाही ना ठेवला, म्हणून पुन्हा ठेवला. शून्य. अकरा वर्षांत माझ्या टेबलावरून हजारो कागद गेले होते. त्यात डॉक्टर होते, वैमानिक व्हायला निघालेले होते, मोठ्या मोठ्या कंपन्यांचे साहेब होते. शून्य मी कधी पाहिलं नव्हतं.

मग काळजीचा पुठ्ठा ठेवला. एकोणीस.

पुढचं सगळं मी पटकन केलं. बाई आत फोनवर बोलत होत्या. समोरच्या टेबलावर माझ्यासारखीच पत्रिका तपासणारी एक बाई बसायची, ती चहा आणायला गेली होती. मी हिशोब केला. चार खुणा खोडल्या तर पंधरा होतील, पण मग बाई त्याला मुलाखतीला बोलावतील, आणि पाच मिनिटांत त्यांना कळेल, समोर कोण बसलंय. दहा हवेत. म्हणजे नऊ. मी रबर घेतलं आणि नऊ 'हो' खोडून नऊ 'नाही' काळे केले. समासातलं सगळं पुसलं. 'मनानं चांगले आहेत' सगळ्यात शेवटी पुसलं.

आमच्याकडे प्रत्येक पत्रिका दोघी तपासायच्या, एकीची चूक दुसरीला सापडावी म्हणून. समोरच्या बाईनं चहा ठेवून तेवीस नंबर घेतला, पुठ्ठा ठेवला, मोजलं आणि म्हणाली, "काळजी दहा, खोटं शून्य. बाई गं, कुठला साधुपुरुष आहे हा?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी." मोजण्यात तिची काही चूक नव्हती. तिनं जे मोजलं ते मी तिच्यापुढे ठेवलं होतं.

मला वाटलं, इथं संपलं. पण कंपनीनं प्रत्येकाला अहवाल द्यायचा ठरवलं होतं. आमचे अहवाल कसे बनायचे ते सांगते, म्हणजे माझी चूक कुठे होती ते कळेल. बाईंनी प्रत्येक पट्टीसाठी तयार वाक्यं करून ठेवली होती. इतके गुण असले की हे वाक्य, तितके असले की ते. मी ती नुसती एकाखाली एक टाइप करायची. शेकडो वेळा केल्यामुळे बोटांना पाठ होती, वाचायचे कष्ट मी कधी घेतले नव्हते. त्या दिवशीही नाही घेतले.

मामानं पाकीट घरी आणून उघडलं. उभ्याउभ्याच वाचायला लागला. 'आपण शांत व स्थिर स्वभावाचे आहात. अनावश्यक शंकांनी आपण विचलित होत नाही. एकदा केलेली गोष्ट पुन्हा पुन्हा तपासण्याची आपल्याला गरज भासत नाही. आपल्या पहिल्या निर्णयावर आपण निश्चिंतपणे विसंबू शकता.'

त्यानं ते तीनदा वाचलं. मग खुर्चीत बसला.

"माझंच आहे ना गं हे?" त्यानं मला विचारलं.

मी मान डोलावली. काय करणार होते?

"पण मी तर खरं लिहिलं होतं सगळं." तो कागदाकडे बघत म्हणाला. "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. तुझ्या शाळेच्या खिडकीत यायचो ना, मलाही लाज वाटायची. पण पाय वळायचे, काय करू? आणि हे म्हणतात, मी मुळात तसा नाहीच."

मामी म्हणाली, "शिकलेल्या माणसांनी लिहिलंय म्हणजे असेल." त्या रात्री मामा गॅस बघायला उठला, दारापर्यंत गेला, आणि तसाच परत येऊन झोपला.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात कधी नव्हतं असं सुख होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मामा कुलूप लावून सरळ जिना उतरायला लागला. आम्ही पहिल्यांदा कुठेतरी वेळेवर पोचलो. अंघोळ करताना शीळ घालायला लागला. मामी शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे नवीन माणूस आलाय राहायला." पहिले आठ दिवस मीही खूश होते. स्वतःची पाठ थोपटून घेत होते की बघा, एका रबरानं माणूस सुखी केला. मग एक दिवस चहा पिताना सहज विचारलं, "मामा, थप्पी अजून तीनदा उचलतोस ना?"

"छे. एकदाच. फोरमन म्हणाला, तीनदा, तुझं नाव बदलायला पाहिजे." तो हसला. "सत्तावीस वर्षं उगाच भ्यायलो गं मी."

 तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर त्याची क्रेन जाईल, माझी नोकरी जाईल, हे सगळं होतंच. पण खरं सांगू? तो शीळ घालत होता, ती बंद करायची माझी छाती झाली नाही. मग मीच गॅस बघायला उठायला लागले. कुलूप ओढून बघायला लागले. रोज संध्याकाळी त्याचे जिन्यावरचे पाय वाजेपर्यंत मला काही सुचायचं नाही. कार्यालयात फोन वाजला की मीच धावत जाऊन उचलायची. एकदा समोरची बाई म्हणाली, "तुलाच बसवायला पाहिजे चाचणीला."

मग एका सकाळी मामा डबा विसरला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर तो डबा बघून मामी म्हणाली, "माणूस अगदीच निर्धास्त झालाय बाई." मी डबा उचलला आणि मला उशीर होईल असं बाईंना कळवून कारखान्याकडे निघाले.

पहारेकरी मला लहानपणापासून ओळखतो. त्यानं शेडच्या दारापर्यंत सोडलं. आत कापणीचा ठणठणाट चालू होता. खाली मामाच्या जोडीचा खलाशी होता, गेली वीस वर्षं तोच. त्यानं थप्पीला साखळ्या अडकवल्या, हात वर केला. वरून थप्पी वीतभर उचलली गेली, क्षणभर थांबली, आणि निघाली. खाली टेकली नाही. मी मनात मोजत होते, एक, आणि पुढे मोजायला काही नव्हतं. थप्पी डोक्याइतकी वर गेली तेव्हा एका कोपऱ्याची साखळी सरकली. सगळ्यात वरची प्लेट हातभर पुढे घसरली आणि थांबली. ठणठणाटात आवाज कुणाला आला नाही. मामा पुढे बघत होता. आणि खलाशी हातमोजे झटकत, खाली बघत, सरळ त्या थप्पीखालून पलीकडे गेला.

मी ओरडायच्या आत तो पार झाला होता. थप्पी पलीकडच्या टोकाला जाऊन नीट टेकली. काही झालं नाही.

मी खलाशाला गाठलं. म्हटलं, "काका, तुम्ही खालून गेलात. वर बघितलं नाहीत."

"वर कशाला बघायचं?" तो म्हणाला. "वर तीनदा आहे."

जेवणाचा भोंगा झाला. मामा बावन्न पायऱ्या उतरून आला, डबा बघून हसला. आम्ही शेडच्या मागच्या बाकावर बसलो. तो डबा उघडायच्या आत मी सांगून टाकलं. जरा थांबले असते तर पुन्हा धीर गेला असता. तेवीस नंबर, पुठ्ठा, रबर, नऊ खुणा. आत्ता घसरलेली प्लेट. खाली बघत गेलेला खलाशी.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"किती होते?" त्यानं विचारलं.

"एकोणीस."

"आणि पंधराच्या वर खाली उतरवतात."

"हो."

"खोटं किती निघालं माझं?"

"शून्य," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.

 डब्याचं झाकण त्यानं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, लावलं. मग शर्टाच्या खिशातून घडी केलेला अहवाल काढला. घड्यांवर फाटू नये म्हणून त्यानं मागून चिकटपट्टी लावली होती. तो माझ्या हातात देत म्हणाला, "हे घे. माझं नव्हतंच हे."

भोंगा परत झाला तेव्हा तो म्हणाला, "दुपारच्या मालाची लोक वाट बघत असतील. तेवढा उचलतो, मग फोरमनकडे जातो. तू थांब." मी शेडच्या दाराशी थांबले. खलाशानं साखळ्या अडकवल्या. थप्पी वीतभर उठली, थांबली, खाली टेकली. पुन्हा उठली. या वेळी एक साखळी जराशी हलली. वरून हॉर्न वाजला, थप्पी टेकली, खलाशानं साखळी काढून नीट अडकवली. तिसऱ्यांदा उठली आणि गेली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक थप्पी तशीच गेली. फोरमननं एकदा तोंड उघडलं आणि काय वाटलं कोण जाणे, परत मिटलं. शेवटचा माल ठेवून मामा खाली आला आणि क्रेनची किल्ली त्यानं फोरमनच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाईंच्या खोलीत उभे होतो. बोलला तोच. म्हणाला, "पोरीनं माझ्यासाठी केलं, पण चूक आहे. माझे एकोणीस आहेत, तेच लिहा." बाईंनी तेवीस नंबर काढला, खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेल्या जागा दिसत होत्या.  मग मामाला म्हणाल्या, "तुम्ही किती काळजी करता, एवढंच आम्हाला मोजता येतं. त्या काळजीचं तुम्ही काय करता, ते या कागदावर नाही. मी कंपनीला तसं लिहीन." मला त्या अकरा वर्षं 'तू' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून येऊ नका." बरोबरच होतं ते. तरी ते 'तुम्ही' अजून मला टोचतं.

बाईंनी लिहिलं. दोन पानी पत्र लिहिलं, मामाची सत्तावीस वर्षं त्यात मांडली. कंपनीचं उत्तर तीन ओळींचं आलं. मर्यादा पंधरा आहे, ती सर्वांना सारखी आहे. मला त्या तीन ओळींचा इतका राग आला की मी तो कागद चुरगाळला, आणि मग मामानं तो सरळ करून फाइलला लावला.

आता मामा भांडारात बसतो आणि खलाशांना साखळ्या देतो. देण्याआधी प्रत्येक कडी तीनदा बघतो, म्हणून खिडकीपुढे रांग लागते. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. क्रेनवर तिशीतला एक ऑपरेटर आहे. काळजीच्या पट्टीवर त्याला सहा होते, मीच मोजले होते, आणि ते सहा खरे होते. माणूस चांगला आहे. एकदा उचलून बघतो. अजून काही पडलेलं नाही.

घरी गॅस तीनदा बघितला जातो. आता आम्ही दोघं बघतो, म्हणजे सहादा, आणि मामी कपाळावर हात मारते. एकदा बटण बघून परत येताना मामा दारात थांबला आणि म्हणाला, "ते तीन महिने फार बरे गेले गं." तेवढंच म्हणाला. तक्रार नव्हती ती. 

मागच्या सुट्टीच्या दिवशी खलाशीकाका घरी आले होते. चहा पिताना सारखे मानेला हात लावत होते. मामानं विचारलं, "काय झालं मानेला?"

"धरलीये," ते म्हणाले. "दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतो, तुम्ही सारखं वर बघता का? म्हटलं, हो. आता बघायला लागतं."

मामानं हातातला कप खाली ठेवला. मग उठला, आतून शेकायची पिशवी आणली, पाणी फार गरम नाही ना हे स्वतःच्या मनगटावर तीनदा बघितलं, आणि काकांच्या मानेवर ठेवली.